पायाखालची ओल

तिच्याकडे गाडी शिकायला येणाऱ्या बायका तिला पाठीमागे ब्रेकबाई म्हणत. शिकवणाऱ्याच्या बाजूला जो जादा ब्रेक असतो, तो ती असा दाबायची की शिकणारीच्या छातीत धस्स व्हायचं. पण तिच्या हाताखालून गेलेली बाई पुढे रस्त्यावर कुणाच्या बापाला भीत नसे, हेही तितकंच खरं. तरुणपणी तिला ज्या मास्तराने गाडी शिकवली, तो प्रत्येक वळणावर ‘हे बायकांचं काम नाही’ असं सुनवायचा. त्याच्या नाकावर टिच्चून तिने लायसन्स काढलं, जुनी गाडी घेतली आणि फक्त बायकांसाठी शिकवणी सुरू केली. मास्तर कधीचा वारला, तरी त्याच्यावरचा राग काही वारला नव्हता.

तिचा एक नियम होता. चपला गाडीबाहेर काढायच्या. क्लच कुठे धरतो ते तळपायाला कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं, आणि ती स्वतःही अनवाणीच बसायची. म्हणूनच गालिचा ओला असल्याचं आधी तिच्या पायालाच कळलं.

सकाळची पहिली शिकवणी एका शिंपिणीची असे. घरी मशीनवर बसून पाठ मोडलेली बाई. दवाखान्याच्या गाडीवर तिला ड्रायव्हरची जागा मिळत होती, अडलं होतं ते फक्त लायसन्ससाठी. परीक्षेची तारीखही लागली होती. ती आपली पिशवी ब्रेकबाईच्या पायाशी ठेवायची आणि पिशवीत पाण्याची बाटली असायची. दुसऱ्या कुठल्याच शिकवणीला गालिचा भिजत नव्हता. शिंपिणीच्या शिकवणीला मात्र रोज भिजायचा. झालं, ब्रेकबाईने हिशेब मांडून टाकला.

त्या दिवशी गाडी थांबली तेव्हा पुढच्या शिकवणीच्या बायका बाकावर बसल्या होत्या. त्यांच्यासमोरच तिने तोंड सोडलं.

“बाटलीचं झाकण लावता येत नाही, आणि निघाली दवाखान्याची गाडी चालवायला.”

“बाई, मी नाही सांडलं. बाटली भरलेलीच आहे, बघा ना,” शिंपीण म्हणाली आणि तिने बाटली पुढे धरली.

ब्रेकबाईने बाटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. “खोटं बोलणाऱ्या बाईच्या हातात मी गाडी देत नाही. उद्यापासून येऊ नकोस.”

शिंपिणीने चपला घातल्या, पिशवी उचलली आणि ती निघून गेली. बाकावरच्या बायका खाली माना घालून बसल्या. त्यांच्यातली एकही चकार शब्द बोलली नाही, याचा कुणाला राग यायचा तर अवश्य यावा.

त्याच आठवड्यात चढावर गाडीच्या तापमानाचा काटा वर गेला. ब्रेकबाईने बॉनेट उघडलं तर इंजिन थंड ठेवणाऱ्या कूलंटची टाकी अर्ध्यावर आलेली. भरली, तर पुन्हा उतरली. गाडीखाली मात्र थेंब नाही. ती गॅरेजवाल्याकडे गेली. त्याने रेडिएटरच्या तोंडावर हातपंप बसवून दाब भरला. दाब जागचा हलला नाही.

“म्हणजे बाहेर कुठे गळत नाही,” तो म्हणाला. “गॅस्केट गेलं असणार, इंजिनच कूलंट पितंय. इंजिन उघडावं लागेल, आणि एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन उघडण्यात काही राम नाही. विकून टाका.”

ब्रेकबाईचा तिळपापड झाला. इंजिन कूलंट पीत असलं की धूर पांढरा येतो, तेल गढुळतं; इथे धूर पांढरा नाही, तेल स्वच्छ, आणि हा शहाणा गाडी भंगारात काढायला निघालेला. घरी येऊन तिने त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. नवरा निवृत्त माणूस, सकाळी गाडी पुसणं हे त्याचं काम. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “ते राहू दे. समोरच्या काचेला आतून रोज तेलकट काय लागतं गं? पुसून पुसून माझा हात गेला.”

“मला काय विचारता? सकाळी काच धुरकटते म्हणून मी हीटर लावते, एवढंच.”

बोलता बोलता ती थांबली. हीटर फक्त पहाटेच्या गारठ्यात लागायचा, म्हणजे फक्त पहिल्या शिकवणीला. नंतर ऊन चढलं की बंद. ती तशीच उठून अंगणात गेली, गाडी सुरू केली, हीटर पूर्ण उघडला आणि चपला काढून शेजारच्या सीटवर जाऊन बसली. गाडी तापली तसा गोडसर वास आला. मग तळव्याला ओल लागली. तिने गालिच्यावर बोट फिरवलं, ते बुळबुळीत झालं. पाणी बुळबुळीत नसतं. बोटाला कूलंटचा हिरवट रंगही लागला होता.

दुसऱ्या दिवशी तिने गॅरेजवाल्याला पुन्हा पंप लावायला लावला, या खेपेला हीटर उघडा ठेवून. पंपाचा काटा हळूहळू खाली आला आणि गालिच्यावर थेंब पडायला लागले. डॅशबोर्ड उतरवण्यात त्याचा अख्खा दिवस गेला. आतून हीटरचा छोटा रेडिएटर निघाला; हीटर उघडला तरच त्यात कूलंट जातं. त्याची नळी जोडाशी सुटली होती. त्याने ती झाळून आणली, पुन्हा दाब भरून खात्री केली, नवं कूलंट भरलं, हीटर उघडाच ठेवून आतली हवा काढली.

“जुनी गाडी आहे, व्हायचंच,” तो हात पुसत म्हणाला.

“व्हायचंच म्हणजे काय?” ब्रेकबाई कडाडली. “हीटर बंद ठेवून तुम्ही तपासलंत आणि माझ्या धडधाकट गाडीला मोडीत काढलंत. चुकलं म्हणायला जीभ झडते का तुमची?”

तो इकडेतिकडे बघत “चुकलं” म्हणाला. ती विजयी मुद्रेने गाडीत बसली आणि घरी जाईपर्यंत तिने सोबत आलेल्या नवऱ्याला तोच प्रसंग चढत्या आवाजात ऐकवला.

“त्याने निदान पंप तरी लावला होता,” नवरा म्हणाला. “तू तर बाटलीही बघितली नाहीस.”

एवढं म्हणून तो उतरला आणि आत गेला. तिला स्वतःचा इतका संताप कधी आला नव्हता.

संध्याकाळी ती शिंपिणीच्या दारात गेली. शिंपिणीने मशीन थांबवलं नाही.

“गाडी गळत होती,” ब्रेकबाई म्हणाली. “तू सांडलं नव्हतंस. उद्यापासून ये. परीक्षेआधी थोडा हात बसेल.”

“इथे कशाला सांगताय? इथे कोण आहे ऐकायला?” शिंपिणीने दोरा तोडला. “ज्यांच्यादेखत मला खोटारडी ठरवलंत, त्यांना सांगा.”

“सकाळी ये, त्यांच्यासमोर सांगते,” ब्रेकबाई म्हणाली. सकाळी शिंपीण आली आणि बाकापाशी उभी राहिली. बायका सावरून बसल्या.

“ही खरं बोलत होती,” ब्रेकबाई म्हणाली. “मी न बघता तिला खोटी ठरवलं. चूक माझी.” आवाज तिचा नेहमीसारखा चढला नाही, पण शब्द सगळ्यांना नीट ऐकू गेले.

“बरं,” शिंपीण म्हणाली. “परीक्षेला गाडी लागेल, ती द्या. शिकायचं ते मी भावाकडून शिकतेय. त्या दिवशी सोबतीला तुमचे यजमान आले तरी चालतील, तुम्ही नको.”

बाकावर कुणीतरी खाकरलं. ब्रेकबाई हो म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी ती मैदानाच्या कुंपणाबाहेर उभी होती. शिंपिणीने चढावर गाडी थांबवली आणि तसूभरही मागे न घसरू देता पुढे काढली. वळणं घेतली, उलटी घेऊन दोन खांबांमध्ये लावली. परीक्षकाने कागदावर सही केली. शिंपीण उतरली, कुंपणाबाहेर आली, ब्रेकबाईच्या समोरून गेली आणि किल्ली तिला न देता तिच्या नवऱ्याच्या हातात दिली.

“काका, येते मी,” ती म्हणाली आणि निघून गेली.

नवऱ्याने घाबरून बायकोच्या तोंडाकडे पाहिलं. ब्रेकबाई रस्त्याच्या टोकापर्यंत शिंपिणीकडे बघत होती. “मीही असंच केलं असतं,” ती म्हणाली, आणि घरी जाताना गाडी तिने त्यालाच चालवायला लावली.