रिपोर्टातलं एक वाक्य

इंग्लंडमध्ये शाळेचं वर्ष संपत येतं, त्यामुळे जूनमध्ये रिपोर्ट लिहायचे म्हणजे नुसता वैताग. तीस मुलं आणि प्रत्येकाचं पानभर कौतुक. या वर्षी शाळेने एआय वापरायची परवानगी दिली, पण दोन अटींवर: मुलाचं नाव टाकायचं नाही आणि आलेलं प्रत्येक वाक्य स्वतः वाचायचं. नियम पाळायची मला भारी हौस. एकाही मुलाचं नाव टाकलं नाही. रविवारी दुपारी सगळे रिपोर्ट वाचले आणि सोमवारी देऊन टाकले.

वर्गात नागपूरहून इथे लीड्सला आलेली सात वर्षांची एक मुलगी होती. घरी म्हणे मराठीत नुसती टकळी चालू असते. शाळेत मात्र वर्षभरात चकार शब्द नाही. एआयला दिलेल्या टिपणात मी लिहिलं होतं, 'छान ऐकते, ग्रुपमध्ये सामील होते.' सामील होते म्हणजे दुसऱ्यांकडे रंग सरकवते, कात्री देते.

पुढच्या आठवड्यात शाळा सुटताना तिची आई गेटवर माझी वाट बघत होती. लीड्समध्ये मराठी टीचर मिळाली म्हणून तिला कोण आनंद!

"अहो ताई, रिपोर्ट वाचून मी रडलेच! ग्रुपमध्ये आत्मविश्वासाने बोलते म्हणे! घरी हिने आम्हाला पत्ताच लागू दिला नाही." लेकीच्या केसांवरून हात फिरवत ती पुढे म्हणाली, "वर्षभर थांबून स्पीच थेरपीचा नंबर लागला होता ना? तो परवा कॅन्सल केला. म्हटलं, दुसऱ्या कुणाला तरी मिळेल."

मी गळ्यातलं आयकार्ड सरळ केलं आणि सांगितलं, "ती अजून बोलत नाही शाळेत. ते वाक्य एआयने लिहिलंय. चूक माझी आहे."

तिने तिथेच क्लिनिकला फोन लावला. मीही बोलले, शाळेची चूक म्हणून सांगितलं. पलीकडची बाई गोड बोलली, पण ती जागा दुसऱ्याला गेली होती. आता पुन्हा यादीत शेवटी.

"पण तुम्ही वाचलं नव्हतं का, ताई?"

"वाचलं होतं. दोनदा."

खरंच वाचलं होतं. वाक्य छान जमलंय असं वाटलं आणि मी पुढच्या मुलाचा रिपोर्ट उघडला. निदान ती चिडायला तरी हवी होती. चिडली नाही. तिने फोन पर्समध्ये टाकला, मुलीचं जॅकेट नीट केलं आणि तिला म्हणाली, "चल बाळा, अजून एक वर्ष थांबू."