टाकीमागची खोली

मतदानाच्या दिवशी सकाळी तिसऱ्या मजल्यावरचे सुधीरराव गाडीची काच पुसत होते. काचेवर कबुतराची घाण होती आणि ती पुसायला त्यांच्या हातात मी आदल्या दिवशी घरी नेऊन दिलेली मतदार चिठ्ठी होती.

“मतदान करून निघा ना,” मी म्हटलं.

“वहिनी, जोडून सुट्टी आलीय. आमच्या दोन मतांनी काय आभाळ कोसळणार आहे?”

मला शिसारी आली. सक्तीच करावी, दंड ठोकावा, असं वाटलं. पण बखोट धरून नेलेला माणूस आत जाऊन काय करणार? हाताला लागेल ते बटण दाबेल आणि बाहेर येऊन बोटाचा फोटो काढेल. सक्तीनं रांग लांबेल, पण चाड कुठून आणायची?

तेवढ्यात शांताबाई केंद्रावरून परतल्या. त्या आमचा जिना झाडतात आणि पाण्याच्या टाकीमागच्या खोलीत राहतात. दोन तास रांगेत उभ्या राहूनही त्यांचं बोट कोरंच होतं.

“ताई, यादीत मला मयत दाखवलंय. म्हटलं, साहेब, मग रोज जिना कोण झाडतंय, माझं भूत?” त्या हसल्या आणि मग पदरानं डोळे पुसले. “दर वेळी करते हो मी मतदान.”

दुरुस्तीची मुदत केव्हाच संपली होती. ती संपण्याआधी मी वही घेऊन दारोदार फिरले होते, सगळ्यांची नावं तपासली होती. सुधीररावांच्या आडनावातली चूकसुद्धा मीच दुरुस्त करून आणली होती. टाकीमागच्या खोलीचं दार मात्र मी वाजवलंच नव्हतं.