वाकायची मनाई

मामा गेला आणि मला त्याच्या पाया पडू दिलं नाही.

बाहेरच्या मित्रांसाठी सांगतो. आमच्याकडे गोंदियाच्या भागात मामा भाच्याच्या पाया पडतो. भाच्यात देव मानतात. उलटं चालत नाही, मामाला पाप लागतं म्हणे.

सुखदेव मामा मुर्री गावचा. स्वतःची धानाची शेती. मी पाळण्यात होतो तेव्हापासून तो माझ्यापुढे वाकायचा.

दोन वर्षांपूर्वी पुण्याचे ऑफिसचे दोघं घेऊन गोंदिया स्टेशनवर उतरलो. मामा शेतातली रोवणी, म्हणजे भातलावणी, सोडून घ्यायला आलेला, पोटऱ्यांवर चिखल वाळलेला. भर प्लॅटफॉर्मवर वाकला.

मी दोन पावलं मागे उडी मारली. त्याचा हात फरशीला लागला.

मित्रांना हसून म्हटलं, "गावाकडचं आहे यार, इग्नोर करा."

आणि गंमत बघा, त्याच महिन्यात मी दहा दिवसांचं मेडिटेशन शिबिर करून आलो होतो. 'देव आपल्या आतच आहे' अशी लांबलचक पोस्ट इथेच टाकली होती. लाइक्सही बक्कळ मिळाले.

घरी गेल्यावर मामाला बाजूला घेऊन समजावलं, असं करत जाऊ नकोस, मी काही एवढा मोठा माणूस नाही. मला वाटलं, किती नम्र आहे मी.

तो शांतपणे म्हणाला, "तू मोठा आहेस म्हनून कोन पडते? तुह्या आत जो बसला आहे, त्याच्या पाया पडून राहिलो. तू मधात कायले येतेस?"

मी चिडून विचारलं, "मग तुझ्या आत नाही का तो?"

"आहे ना. तोच तर वाकते."

त्यानंतर मात्र मामा कधीच वाकला नाही. लांबूनच हात जोडायचा. मला सुटल्यासारखं वाटायचं, खोटं कशाला बोलू.

तेरा दिवसांपूर्वी हार्ट अटॅक आला. मी पोचलो तेव्हा त्याला बाहेर अंगणात ठेवलं होतं. पायांकडे धावलो तर आईनं दंड धरला. त्याची सख्खी बहीण ती. म्हणाली, "नको. जाता जाता त्याले पाप लागन."

तेव्हापासून धड झोप नाही. उठतो, बसतो, फोन उघडतो, बंद करतो.

आज तेरवी. भाच्याला पाटावर बसवून पाय धुतात. मामाच्या जागी मामी बसली, परात घेऊन. सगळी मुर्री बघत होती. पाणी पडलं आणि माझे पाय आपोआप मागे गेले.

मामीनं घोटा घट्ट धरला.

"आता नको ओढू, बाबू. मांगच्या वेळी ते दोन दिवस जेवले नव्हते."

मला हे माहीतच नव्हतं. दोन वर्षं कोणी बोललं नाही.

पाय तिच्या हातात सोडून दिले आणि सगळ्यांसमोर रडलो. आत कोण बसलाय ते मला अजूनही दिसलेलं नाही. मामाला चिखलातून येऊन दिसायचा.

माफी मागायची तर वाकावं लागतं, आणि तेच मला मना आहे.

मामा, उभ्यानंच सांगतो. चुकलो.