सत्त्याहत्तर ट्रॅक

डिस्कवाल्या मावशींकडे कोणी काम घेऊन आलं की आधी बोलणी खायची आणि मगच बसायला स्टूल मिळायचं, असा तिथला शिरस्ता होता. "इतकी वर्षं स्पीकरवर, त्या लोहचुंबकावर ठेवली होतीत ना? मग आता माझ्याकडे कशाला आणलीत? वर चहाचा कप ठेवा, निदान टेबलाला डाग तरी पडणार नाही." आणणारा कोणी निवृत्त सर्व्हेअर असायचा, नाहीतर वडिलांचं अर्धवट लिहिलेलं पुस्तक माळ्यावर सापडलेली एखादी मुलगी. ती ओशाळून हसायची. मग मावशी ती जुनी फ्लॉपी डिस्क खिडकीपाशी नेऊन तिरकी धरायच्या, बुरशी कुठवर चढली आहे ते बघायच्या आणि म्हणायच्या, "गुरुवारी या." गुरुवारी डिस्कवरचं सगळं काढून तयार असायचं. पुस्तकवाली मुलगी तर तिथेच स्टुलावर बसून रडली होती, आणि मावशींनी तिला त्यावरूनही झापलं होतं.

खोली जिन्याखालची. पूर्वी तिथे शिंपी बसायचा. त्याच्या कापड बेतायच्या लांब टेबलावर आता तीन जुने कॉम्प्युटर होते, एकेक असा की उचलायला दोन माणसं लागावीत. जुनं यंत्र मावशींनी कधी आणल्या आणल्या चालू केलं नाही. आधी ते उघडायचं, फुगलेले कपॅसिटर काढून नवे लावायचे, डांबर होऊन चिकटलेला रबरी पट्टा खरवडायचा, डिस्क वाचणारं हेड कापसाच्या काडीने स्पिरिट लावून पुसायचं, आणि मग वीज थोडी थोडी वाढवत न्यायची. त्यात आठवडा गेला तरी चालेल. तोंड जितकं फटकळ, तितका हात सावकाश.

हे सगळं त्या बस कंपनीत शिकल्या. एकतीस वर्षं डेटा एंट्री ऑपरेटर. नोकरी थोरल्या भावाने लावून दिली होती, आणि हे उपकार त्याने त्यांना एक दिवस विसरू दिले नाहीत. दादा त्याच कंपनीत कॉम्प्युटर खात्यावर अधिकारी होता. आता तो सत्तरीचा आहे, मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाला, तेव्हा त्याला 'ते' म्हणायला हवं. पण मावशी त्याला अरे-तुरे करतात, आपणही करू. फार मान द्यावा असं पुढे काही येत नाही.

दादाचं नाव झालं ते एका प्रोग्रामामुळे. ड्रायव्हर-कंडक्टरांच्या पाळ्या कागदावर लावताना चार कारकुनांचा आठवडा जायचा. दादाच्या प्रोग्रामाने ते काम दुपारच्या चहाआधी व्हायला लागलं. दादा लांबलचक वह्यांत पेन्सिलीने लिहायचा आणि मावशी ते मशीनवर चढवायच्या. मशीन रविवारीच मोकळं असायचं, म्हणून चौदा महिन्यांचे सगळे रविवार. दादा मशीनला बोटही लावत नसे. "डोकं मी चालवतो, बोटं तू चालव," म्हणायचा. डिस्क घालणं, काढणं, तिची नक्कल करणं, सगळं मावशींच्या गळ्यात.

चढवता चढवता मावशींच्या लक्षात आलं की प्रोग्राम रात्रपाळी करून आलेल्या ड्रायव्हरलाच सकाळी सहाची गाडी देतो आहे. दादाला सांगितलं. तो म्हणाला, "तू माशीला माशी उतरव. अक्कल पाजळू नकोस." मावशींनी मान डोलावली आणि दोनशेसहा ओळी स्वतः लिहून मध्ये घातल्या. रात्रपाळीवाल्याला आठ तासांची झोप मिळाल्याशिवाय गाडी द्यायची नाही, एवढंच त्या ओळी बघायच्या. त्या ओळींच्या वर, मशीन वाचायचं सोडून देतं अशा एका टिपणाच्या ओळीत, त्यांनी आपलं पूर्ण नाव लिहिलं. ओळ क्रमांक चार हजार दोनशे अकरा. तेव्हा त्या एकवीस वर्षांच्या होत्या.

पुढे संचालकांनी भर सभेत दादाची पाठ थोपटली ती नेमकी याच गोष्टीसाठी. ड्रायव्हरांना झोप मिळू लागली, तक्रारी थांबल्या, वा! दादाने वाकून टाळ्या घेतल्या. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो असा.

मशीन भंगारात गेलं, प्रोग्रामाची एकच आठ इंची डिस्क उरली, ती दादाच्या कपाटात. मावशींनी चारपाच वेळा मागितली, दरवेळी "सापडत नाही" हे उत्तर. पण यंदा कंपनीने आपलं संग्रहालय काढायचं ठरवलं. तसलंच एक मशीन कुठल्या तरी गोदामात सापडलं, आणि मावशींनी ते आपल्या खोलीत आणून अकरा महिने खपून जिवंत केलं. संग्रहालयवाल्या बाईंनी दादाला सांगितलं की उद्घाटनाला तुमचा प्रोग्राम त्याच्यावर चालला पाहिजे. आणि काय चमत्कार, डिस्क सापडली!

दादाला आपलं कर्तृत्व चारचौघांत, नातवंडांसमोर चालताना बघायचं होतं. मावशींना फक्त एक ओळ दाखवायची होती. उद्घाटनाच्या दिवशी सगळे पडद्याकडे बघत असताना मजकूर सरकवत सरकवत चार हजार दोनशे अकराव्या ओळीवर आणायचा आणि बाजूला व्हायचं. बोलायचं काही नाही. जगात तेवढाच एक पुरावा होता, आणि तो त्या डिस्कवर होता.

सोमवारी सकाळी अकराला दादा आला. डिस्क प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी धरलेली. मावशी म्हणाल्या, "त्या बाईंनाही बोलावू या का?"

"कशाला? आधी आपण दोघंच बघू," म्हणत दादा मावशींच्या खुर्चीत बसला. त्या स्टुलावर बसल्या. डिस्क चांगली निघाली, बुरशीचा ठिपका नाही. मावशींनी नवी कोरी डिस्क काढून ठेवली. मूळ डिस्क कधी चालवायची नाही, आधी नक्कल करायची आणि नक्कल चालवायची, हा या धंद्यातला पहिला नियम.

दादा खुशीत होता. खुशीत आला की तो जुनं काढायचा.

"तुला आठवतं का गं, कंपनी चौघांना प्रोग्रामिंग शिकायला पाठवणार होती? तुझं नाव होतं यादीत."

"माझं?"

"हो मग! साहेबांनी मला विचारलं, पाठवू का बहिणीला? मी म्हटलं, साहेब, ती नुसती टायपिंग करते, डोक्याचा भाग नाही. एका घरात एक शहाणा पुरे!" आणि दादा इतका हसला की त्याला ठसका लागला. "तुझ्या भल्यासाठीच हं. तुला झेपलं नसतं."

मावशींनी त्याला पाणी दिलं. बेचाळीस वर्षं त्या समजत होत्या की आपलं नाव त्या यादीत कधी नव्हतंच. आपल्यात काय कमी होतं याचा विचार त्यांनी इतक्या वेळा केला होता की त्याची उत्तरंही ठरून गेली होती. इंग्रजी कच्चं. गणित बेताचं. चेहरा असा. आता ती सगळी उत्तरं एकदम खोटी पडली, आणि खरं उत्तर समोर बसून घटाघटा पाणी पीत होतं. त्या माणसाचा त्यांना इतका संताप आला की कान गरम झाले.

दादाने ग्लास ठेवला, टेबलावरची चिकटपट्टी घेतली आणि डिस्कच्या कडेला असलेल्या खाचेवर नीट चिकटवली. "खाच बंद केली की डिस्क सुरक्षित. चुकूनही काही पुसलं जात नाही. बघ, आहे ना लक्षात!"

लक्षात होतं ते नंतरच्या लहान डिस्कचं. त्यांची खाच बंद केली की त्यांच्यावर काही लिहिता येत नाही. आठ इंची डिस्कचं बरोबर उलटं. तिची खाच उघडी असेपर्यंत ती सुरक्षित. पट्टी लावली की लिहायला मोकळी. पुढे मोठ्या हुद्द्यावर गेल्यावर दादाने लहान डिस्क स्वतः हाताळल्या होत्या, मोठी आयुष्यात एकदाही नाही. मावशींनी सांगायला तोंड उघडलं.

"हात लावू नकोस," दादा म्हणाला. "आज तू नुसतं बघ."

मावशींनी तोंड मिटलं. जन्मभर त्या दादाचं ऐकत आल्या होत्या. त्या दिवशी मात्र अगदी मनापासून ऐकलं.

त्याने मूळ डिस्क मशीनच्या वरच्या खणात घातली, कोरी खालच्या. मग आज्ञा टाइप केली: वरून खाली. इथेही तीच गत. त्या जुन्या मशीनला आधी कुठे न्यायचं ते सांगावं लागतं आणि मग कुठून आणायचं ते. नंतरच्या कॉम्प्युटरवर शिकलेला माणूस हमखास उलटं सांगतो. आणि ते मशीन 'नक्की ना?' असं विचारतही नाही. त्या काळी मेमरी एवढी महाग होती की खात्री करून घेणं परवडत नसे. दादाने बटण दाबलं. आधी खालच्या खणाचा लाल दिवा लागला, मग वरच्याचा. कोरी डिस्क मुळावर उतरायला लागली होती, म्हणजे मूळ पुसली जात होती.

आठ इंची डिस्कवर सत्त्याहत्तर ट्रॅक असतात. हेड एकेक ट्रॅक पुढे सरकतं आणि दरवेळी टक् असा आवाज येतो. वरच्या खणाची दांडी मावशींच्या हातापासून वीतभर अंतरावर होती. ती उचलली की काम थांबतं, उरलेले ट्रॅक बचावतात. मावशी मोजत होत्या. दहा. पंधरा. तिसाव्याला दादा म्हणाला, "कसं मस्त चाललंय बघ," आणि त्या म्हणाल्या, "हो." पन्नाशीच्या आसपास आपल्या दोनशेसहा ओळी आणि त्यावरचं नाव गेलं, हे त्यांना बरोबर कळलं. आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करायचा म्हणतात. मावशींनी ते नाक सत्त्याहत्तर घावांत कापलं.

दादाने यादी मागवली. पडद्यावर आलं: फाइल नाही. त्याने खालच्या डिस्कची मागवली. फाइल नाही. डिस्कची अदलाबदल केली, पुन्हा मागवली, मशीनला थोपटलं.

"काय झालं गं?"

गिऱ्हाइकाला सांगावं तसं मावशींनी शांतपणे सांगितलं. आधी पट्टीचं, मग आज्ञेचं. दादाचा चेहरा उतरत गेला. त्याने पट्टी नखाने काढायचा प्रयत्न केला, जणू काढल्यावर सगळं परत येणार होतं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"डोक्याचा भाग होता ना," मावशी म्हणाल्या.

दादा चष्मा तिथेच विसरून गेला. मावशींना आनंद झाला, उगाच का लपवा. त्या दुपारी त्या दोन तास गाढ झोपल्या.

तिसऱ्या दिवशी वहिनींचा फोन. "वन्सं, हे काय करून बसलात? अहो, हे दोन दिवस अन्नाला शिवले नाहीत. म्हणतात, तुमच्या हातून गेली."

मावशींना खरं सांगता आलं असतं. पण खरं काय होतं? पट्टी त्याने लावली, बटण त्याने दाबलं, आणि मी वीतभर अंतरावर बसून मोजत होते. असल्या खऱ्यापेक्षा खोटं बरं. "हो," त्या म्हणाल्या, "माझ्याच हातून गेली."

बातमीला पाय फुटले. आधी सर्व्हेअर आला. "तशी घाई नव्हती हो मावशी, पण म्हटलं घेऊन जावं," म्हणत नकाशांच्या बावीस डिस्क पिशवीत भरून गेला. मग दुसरा, मग तिसरा. कोणी वाकडं बोललं नाही. महिनाअखेर गिऱ्हाइकांच्या डिस्कची फळी रिकामी झाली, आणि मावशींना झापायलासुद्धा माणूस उरला नाही.

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं. मावशींनी जिवंत केलेलं मशीन मधोमध, पडद्यावर नुसता हिरवा ठिपका लुकलुकत. शेजारी दादाचा मोठा फोटो आणि खाली पाटी, की हा प्रोग्राम आज उपलब्ध नाही. पाहुणे त्या हरवलेल्या प्रोग्रामावर अर्धा तास बोलले. चालता प्रोग्राम असता तर कोणी बारकाईने बघितला असता, चुका काढल्या असत्या. नसलेल्यात चुका कुठून निघणार? एक म्हातारा ड्रायव्हर काठी टेकत पुढे आला आणि दादाचे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाला, "साहेब, तुमच्यामुळे आम्हाला झोप मिळाली. माझी मुलं बापाला बघू शकली ती तुमच्यामुळे." दादा म्हणाला, "अहो, माझं कामच होतं ते." मशीनच्या मागे, वायर कोणाच्या पायात येऊ नये म्हणून मावशी उभ्या होत्या. सगळं नीट ऐकू आलं.

गर्दी जरा पांगल्यावर दादा त्यांच्याकडे आला. रागात नव्हता, उलट कित्येक वर्षांत बोलला नव्हता इतक्या मायेने बोलला.

"त्यात तुझं नाव होतं ना गं? मला ठाऊक होतं. मी तेव्हाच वाचलं होतं. त्या दिवशी तेच काढायला आलो होतो, म्हणून तर त्या बाईंना नको म्हटलं. पण ते काढतात कसं, हे मला कुठे येत होतं? नक्कल झाली की तुलाच विचारणार होतो." त्याने मावशींच्या खांद्यावर हात ठेवला. "तू काढायला नाही म्हणाली असतीस तर संपलंच होतं सगळं. माझं काही चाललं नसतं."

तेवढ्यात फोटोवाल्याने घरच्या मंडळींना हाक मारली. दादा मधे, वहिनी शेजारी, नातवंडं पुढे. "वन्सं, या ना, अशा कडेला उभ्या राहा," वहिनी म्हणाल्या. मावशी जाऊन कडेला उभ्या राहिल्या, आणि फोटोवाल्याने हसा म्हटल्यावर सगळ्यांबरोबर हसल्या.