एफीने निवडलेली बाटली

एफी मॅकफेलने साठी ओलांडली तरी व्हिस्कीचा थेंब जिभेला लावला नव्हता. आणि राहायची कुठे, तर ज्या बेटावर वाऱ्यालासुद्धा माल्टचा, मोड आणून भाजलेल्या सातूचा वास, तिथे. भट्टीचं धुराडं दिसलं की ती रस्ता बदलायची. लोक म्हणत, चर्चवाली बाई, सोवळं पाळते. एफीने ते कधी खोडून काढलं नाही. भीती वाटते असं सांगण्यापेक्षा सोवळं बरं.

भीती बापाची होती. टॉर्किल भट्टीच्या जळणासाठी दलदलीतलं पीट, ती काळी जळाऊ माती, कापायचा, आणि गळा असा की त्याच्यावाचून लग्नघराला रंग चढत नसे. संध्याकाळी पिऊन तो गातच घराकडे यायचा. आवाज कानावर आला की एफीची आई हातातलं काम टाकून ऐकत उभी राहायची. गाणं दारापर्यंत आलं तर देव पावला. पण पुलावरच थांबलं, की आई दोघी मुलींना मागच्या खिडकीतून बाहेर काढायची आणि शेजाऱ्याच्या मेंढवाड्यात पाठवायची. ओल्या लोकरीत तोंड खुपसून एफी घरातले आवाज ऐकायची.

बाप कधीच मातीत गेला. आईही गेली, बहीण कॅनडाला गेली. एफीपाशी भीती तेवढी राहिली, आणि तिला वयाबरोबर नवी पालवी फुटली: त्याचंच रक्त आपल्या अंगात आहे. एक घोट घेतला आणि आवडला, तर?

मग तिच्या लेकीला, किर्स्टीला, मुलगा झाला. किर्स्टीचं सासर म्हणजे पिढ्यानपिढ्या भट्टीवर राबलेलं घर. बारशाची बाटली मुलीच्या माहेरून यायची हा त्यांचा रिवाज.

"आई, तूच निवडून आण गं," किर्स्टी फोनवर म्हणाली. "आणि नाव टॉर्किल ठेवायचं म्हणतोय. मामंजींची फार इच्छा आहे. आजोबांच्या गाण्याची आठवण अजून काढतात ते."

"बरं," एफी म्हणाली. फोन ठेवल्यावर बराच वेळ तिला खुर्चीतून उठता आलं नाही.

गावातलं दारूचं दुकान उनाचं. उना तिची शाळेतली मैत्रीण.

"एफी मॅकफेल, माझ्या दुकानात! समुद्र आटला की काय आज?"

"चेष्टा नको, उना. बारशाला बाटली हवी. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

एफीची नजर सगळ्यात वरच्या फळीवर गेली होती. "ती अठरा वर्षांची चांगली असेल ना?"

"नुसतं वय बघून नवरा केला असतास का? वयाने पिंपाचं लाकूड दारूत मुरतं, पण चव आवडेलच असं नाही. नवख्या माणसाने आधी वासावर जावं." उनाने खाली फुगीर, वर निमुळता असा पेला घेतला आणि बेटावरच्याच भट्टीची थोडी ओतली. "नाक आत खुपसू नकोस. जरा लांब धर. तोंड किंचित उघडं ठेव, म्हणजे झोंबणार नाही."

एफीने पेला वर आणला. ओला धूर, डांबर, खारा वारा. बापाचा कोट! दार उघडल्यावर आधी आत यायचा तो हाच वास. तिने काउंटरची कड घट्ट धरली आणि नकळत मागे दाराकडे पाहिलं.

उनाने पेला काढून घेतला. दुसऱ्या पेल्यात फिकट, वाळल्या गवताच्या रंगाची ओतली. "ही मुख्य भूमीवरची. हिला पीटचा धूर नाही. पाण्याचे दोन थेंब घालते, वास मोकळा होतो."

पिकलेलं नासपती, मध, उन्हात वाळलेलं गवत. एफीने पुन्हा हुंगलं. मग आणखी एकदा. आणि घाबरून पेला खाली ठेवला.

"काय झालं?"

"चांगला आहे गं वास."

"मग घे की घोटभर."

"नको. हीच बांधून दे."

बारशाच्या दुपारी किर्स्टीच्या घरी पाय ठेवायला जागा नव्हती. व्याही लॉकलन यांनी कागद सोडवला आणि कपाळाला हात लावला.

"विहीणबाई, मुख्य भूमीवरची? या घरात? भिंती रडतील!"

सगळे खदखदा हसले. लॉकलन कपाटातून आपली बाटली काढायला वळले. "आज आपल्या बेटाचीच हवी. टॉर्किलच्या पणतवाचं बारसं आहे! काय माणूस होता! गात निघाला की कुत्रीसुद्धा भुंकायची थांबत."

त्यांनी बूच उघडलं. तो वास खोलीभर पसरला. एफीने हातातली बशी खाली ठेवली. मेंढवाड्यात असायची तशीच ती गप्प राहिली असती, पण किर्स्टीच्या मांडीवर ते बाळ होतं आणि त्याला आता त्या नावाने हाक मारणार होते.

"मला त्यांची भीती वाटायची," एफी म्हणाली.

आवाज इतका बारीक आला की लॉकलन म्हणाले, "काय म्हणालात?"

"माझ्या वडिलांची. गाणं पुलावर थांबलं की आई आम्हाला खिडकीतून बाहेर काढायची. नंतर तिला मारायचे. हे नाव नका ठेवू. हात जोडते."

आता काहीतरी फुटेल, कोणीतरी ओरडेल, या धास्तीने एफीने मान खाली घातली. लॉकलन हातात बूच धरून उभे होते.

"भट्टीवर पोऱ्या होतो तेव्हा पुलापर्यंत मीच सोडायचो त्याला," ते म्हणाले. "तिथून परत फिरायचो. पुढचं... कधी विचारलं नाही मी." त्यांनी आपली बाटली बंद करून कपाटात ठेवली, एफीची उचलली आणि सगळ्यांच्या पेल्यांत ओतली.

बाळाचं नाव एवन ठेवलं. एफीने त्या दिवशी एक घोट घेतला, जिभेवर धरला आणि जीव मुठीत घेऊन वाट पाहिली. आत कोणी जागं होतंय का? मध लागला, थोडी मिरी लागली, मग घशात ऊब उतरली. बस्स. तरी पुढचे कित्येक दिवस सकाळी उठल्यावर ती आधी स्वतःला चाचपून बघायची, हवीशी वाटतेय का म्हणून. वाटत नव्हती.

बारसं उरकल्यावर त्याच दुपारी किर्स्टी तिला घरापर्यंत पोचवायला निघाली होती. वाटेत म्हणाली, "आई, मला सगळं सांग."

एफीने सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा, सुरुवातीपासून. रस्त्यावर लख्ख ऊन होतं, मागेपुढे चिटपाखरू नव्हतं, तरी सांगताना ती सारखी मागे वळून बघत होती.