हत्तीच्या अंगावरची धार

फुटलेली कपबशी त्या वस्तीत कुणी टाकून देत नसे. ती कपबशीकाकूंकडे जाई. जुने टायर आणि तारेची जाळी यांवर सिमेंट थापून, त्यात असे तुकडे बसवून काकूंनी आजवर मोर केले, कासवं केली. पण ती सगळी लांबून बघायची. शाळेच्या अंगणातला हत्ती मात्र मुलांनी चढायचा होता, आणि आज सकाळी मुलं त्यावर पहिल्यांदा बसणार होती.

उजाडताच काकू नवऱ्याला घेऊन तिथं पोचल्या आणि कुठं तुकड्याची धार राहिली का ते बघायला हत्तीच्या पाठीवरून, कानांवरून पुन्हा हात फिरवू लागल्या.

"पुरे गं, गुदगुल्या होतील त्याला," काका म्हणाले.

तेवढ्यात काकूंना कानावर रक्ताचा थेंब दिसला. त्यांचंच बोट कापलं होतं आणि त्यांना कळलंही नव्हतं.

"अहो, सिमेंटनं माझी बोटं पार बधिर झालीत. म्हणजे इतके दिवस तपासलं ते सगळं फुकट."

"मग मी बघतो."

"तुमचे हात सुतारकामाचे. तुम्हाला काय कळणार?"

त्यांनी कानाची कड दगडानं घासली, गुडघ्यांवर बसल्या आणि शेपटीपासून हत्तीला गाल लावत निघाल्या. काका हसले नाहीत. मागच्या पायाशी गाल चरचरला; तिथंही घासलं. पोटाखाली आणखी एक धार लागली.

फाटकाशी मुलांचा गलका वाढला. शिपायानं विचारलं, "काकू, सोडू का?"

"नाही," सोंडेला गाल टेकवत काकू म्हणाल्या, "घंटा झाली तरी सोडू नका."