लांब जाणाऱ्याचा फेटा

उदगीरच्या बसस्थानकावर मी कमलनगरच्या दोन बस सोडल्या. पहिली फार भरलेली आहे, असं स्वतःला सांगितलं. दुसरी रिकामी होती, तेव्हा सांगायला काही उरलं नाही, म्हणून चहा घेतला. नाशिकहून इथवर येताना गाडी जिथे जिथे थांबली तिथे मी उतरले होते, आणि परत चढल्यावर दर वेळी आधी मांडीवरची पिशवी चाचपली होती. पिशवीत एक जुना गणवेश होता, निळा, छातीवर देशाचं नाव असलेला. तो मी आयुष्यात एकदाच घातला, परदेशात, चारशे मीटरच्या रिलेत. खांद्याला दोन पिना लावून घातला, कारण तो माझ्या मापाचा नव्हता, अंबिकाच्या मापाचा होता.

अंबिका म्हणजे राष्ट्रीय शिबिरातली माझ्या खोलीतली सोबतीण. चौदा वर्षांपूर्वी विमानात बसायच्या चार दिवस आधी तिला संघातून काढलं आणि तिच्या जागी मी धावले. तेव्हापासून ती दर संक्रांतीला फोन करत आली आहे आणि मी दर संक्रांतीला "येते गं एकदा" म्हणत आले आहे. मी शाळेत खेळ शिकवते, त्यामुळे कारणं शोधण्यात माझा हात कुणी धरणार नाही. पण गेल्या आठवड्यातल्या फोनला कारण सुचेना.

"सवे, माझ्या भाचीचं नाव शिबिराला आलंय. रेणुकाचं. आन् अप्पा सोडायला तयार न्हाईत. भाऊ मेंढरं घिऊन तेलंगणात गेलाय, घरात अप्पांचाच शब्द. तू जाऊन आलेली हाईस. येऊन सांग त्यांला."

तिसरी बस कर्नाटकाची होती, तिच्यात मी बसले. कंडक्टरनं एका बाईला कन्नडात जागा करून दिली, एका म्हाताऱ्याशी "नक्को चाचा, आगे चलो" अशी दख्खनीत हुज्जत घातली आणि माझ्यापाशी येऊन मराठीत म्हणाला, "आधार दाखवा, अक्का."

कर्नाटकातल्या बायकांना या बसमध्ये तिकीट नाही, मात्र आधारकार्डावर पत्ता तिथला हवा. माझं कार्ड त्यानं उलटंसुलटं पाहिलं.

"नाशिक. मंग तुम्हाला तिकीट लागतंय."

शेजारची बाई शेंगा सोलत होती. तिनं मूठभर शेंगा माझ्या हातावर ठेवल्या आणि समजूत घातली, "तुम्ही आमच्यात न्हाई, त्याला काय करायलाय तो बिचारा."

मला हसू आलं आणि लगेच गेलंही. अंबिकानं राष्ट्रीय स्पर्धेत पदक आणलं तेव्हा महाराष्ट्रातल्या वर्तमानपत्रांनी तिला मराठी मुलगी म्हटलं होतं, कारण तिच्या घरात मराठी बोलतात. कर्नाटकातल्यांनी तिला आपली लेक म्हटलं, कारण तिचं गाव बीदर जिल्ह्यात. टीव्हीवाल्यांनी दोघांवर कडी करून तिला देशाची कन्या केलं. पुढे तिच्या रक्ताच्या तपासणीची बातमी फुटली, आणि महाराष्ट्राला आठवलं की ती कर्नाटकातली, कर्नाटकाला आठवलं की ती मराठी. देशानं तर फोनच उचलला नाही. पुरुष जिंकला की देश जिंकतो. बाई जिंकली की आधी ती बाई आहे का ते बघतात, मग कुणाची ते ठरवतात.

कमलनगरला उतरून ठाणाकुशनूरकडे जाणारी जीप धरली. दोन्ही बाजूंना तुरीची कापणी चालली होती, पेंढ्या बांधावर उभ्या करून ठेवलेल्या, आणि मध्येच ज्वारीची हिरवी पट्टी. हवा छान होती, पण मला काही बसवेना. गावाच्या अलीकडे एक फाटा आला, तिथे मी उगाचच "थांबवा" म्हणाले आणि उतरले. चालत जाऊन थोडा वेळ काढावा, एवढाच बेत. पाऊण तास झाला तरी गाव येईना. शेवटी समोरून एक स्कूटर आली आणि माझ्यापाशी करकचून थांबली.

"जीपवाला म्हणला, एक बाई रानात उतरली," अंबिका म्हणाली. "तवाच वळखलं, तू असणार. कामून उतरलीस?" (कामून म्हणजे का.)

"पाय मोकळे करायला."

तिनं माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. अंगानं भरली होती, केसांत पांढरी बट आली होती, उभं राहायची तऱ्हा मात्र तीच, एका पायावर भार टाकून. "दे की पिशवी," ती म्हणाली. मी दिली नाही.

घरी जायच्या आधी तिनं मला एका कापणी झालेल्या शेतात नेलं. चुन्यानं आखलेला लंबगोल, ढेकळं वेचून काढलेली. गावातल्या सात-आठ मुलींना ती रोज सकाळ-संध्याकाळ इथे पळवते. रेणुका सतरा वर्षांची, उंच, केस कानापर्यंत कापलेले. तिनं मला वाकून नमस्कार केला आणि लगेच धावायला गेली, बोलण्यात वेळ घालवायचा तिचा स्वभाव दिसला नाही. सवयीनं मी घड्याळ दाबलं. शेवटच्या वळणावर मुली थकतात आणि मान मागे टाकतात. ही टाकत नव्हती. अंबिकाही टाकायची नाही. घड्याळ थांबवायचं मी विसरले.

"किती?" रेणुकानं धापा टाकत विचारलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "पण तू चुकली नाहीस."

घरी सुसला खाल्ला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना तिखट फोडणी आणि वर डाळ्याचं पीठ, इकडे पाहुण्याला हमखास मिळतो). अंबिका पुन्हा पुन्हा वाढत होती. ओसरीवर अप्पा, म्हणजे अंबिकाचे वडील, बसले होते, सत्तरीपलीकडचे, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. त्यांच्यापुढे शिबिराचा अर्ज पडला होता. तो आज संध्याकाळपर्यंत भरून तालुक्याला पोचवला नाही, तर रेणुकाची जागा दुसरीला जाणार होती. अर्जाशेजारी कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या.

"पोरी, लांबून आलीस," अप्पा म्हणाले. "अंबी म्हणायली, तू समजावणार. पर आधी माझं ऐक. आमच्यात मेंढरं घिऊन पहिल्यांदा लांब निघतंय, त्याला घरातला थोरला फेटा बांधतो. खांद्यावर घोंगडी टाकतो. अंबी इमानात बसायली म्हणल्यावर मी म्हणलं, एवढं लांब आपल्यात कुणीच गेलं न्हाई. मंग फेटा कामून नको? बाई आजवर लांब गेलीच न्हवती, तर बाईचा येगळा रिवाज कुठनं आणावा? बांधला. पेपरवाल्यानं फोटू काढला. त्यो फोटू तिकडं साहेबलोकांनी बघितला आन् म्हणले, ही बाई न्हाई, बाप्या हाय."

ते हाताकडे बघत बोलत होते. "ह्या हातानं बांधला. माझ्या फेट्यानं लेकीचं वाटोळं केलं. आता नातीचं न्हाई करणार. मी म्हणलं, केस वाढव, बांगड्या भर, बाईवानी जा. ती म्हणती, बांगड्या घालून पळता येत न्हाई. मंग जाऊच नको."

मी अंबिकाकडे पाहिलं. ती दाराला टेकून उभी होती आणि अप्पांकडे नाही, माझ्याकडे बघत होती.

अप्पांचं म्हणणं थोडं खरं होतं. तो फोटो शिबिराच्या साहेबांच्या टेबलावर मी स्वतः पाहिला होता. पण नुसत्या फोटोवर एवढं झालं नसतं. उठून बाहेर जावंसं वाटत होतं. चौदा वर्षं मी हेच करत आले होते. मी बसून राहिले.

"अप्पा, फेट्यानं नाही झालं ते," मी म्हणाले. "माझ्यामुळे झालं."

रेणुका आतून बाहेर आली.

"साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, तू तिच्या खोलीत राहतेस, तिला महिन्याची पाळी येते का? मी म्हणाले, मी कधी पाहिलं नाही."

अशी गोष्ट वडीलधाऱ्या पुरुषासमोर बोलायची नसते, हे मलाही कळत होतं. अप्पांनी मात्र मान खाली घातली नाही.

"खरं हुतं?" त्यांनी विचारलं.

"खरं होतं. पण अर्धं. सरावानं बऱ्याच जणींची बंद व्हायची. माझीच पाच महिने आली नव्हती. ते मी बोलले नाही. कशासाठी विचारतायत ते मला कळत होतं, आणि संघात माझा नंबर पाचवा होता. धावणार चौघी. दुसऱ्या दिवशी अंबिकाचं रक्त घेतलं, आणि रक्तात पुरुषांतलं कसलंसं द्रव्य जास्त निघालं म्हणून तिला घरी पाठवलं. तिच्या जागी मी धावले." मी पिशवीतून गणवेश काढून त्यांच्यापुढे ठेवला. खांद्याला पिनांची भोकं अजून दिसत होती. "हा तिचा."

अप्पांनी त्याला हात लावला नाही. मग काठी उचलून अंगण ओलांडून मेंढरांच्या कुडाकडे निघून गेले. मला वाटलं, झालं. अंबिकानं समजवायला बोलावलं आणि आपण त्या पोरीच्या वाटेत धोंडा आणून ठेवला. फार वाईट वाटलं, रडू येत होतं आणि रडायचा मला हक्क नव्हता.

"तुला माहीत होतं," मी अंबिकाला म्हणाले.

"खोलीत आपण दोघीच हुतो. तिसरं कोण सांगणार?"

"मग दरवर्षी फोन का करायचीस?"

"तू कवा सांगतीस ते बघायले."

"अप्पांना तू का नाही सांगितलंस?"

"धा बारी सांगितलं, फेट्यानं झालं न्हाई म्हणून. त्यांला वाटायचं, लेक बापाचं मन राखायली. जिनं केलं तिनंच सांगायला पाहिजे हुतं."

"रागावली असशील."

"हाय की राग. न्हाई कोण म्हणलं? पर राग काढायला पुढं दिवस हाईत. फारम आजच भरायचाय."

तेवढ्यात अप्पा परतले. उभ्याउभ्याच त्यांनी मला विचारलं, "पोरी, ह्या बारीला रेणुकाचं असंच विचारलं, तर काय सांगशील?"

"आधी विचारेन, हे कोण विचारतंय आणि कशासाठी. लिहून मागेन. आणि माझी पाच महिने आली नव्हती, हेही सांगेन."

"लय उशीर केलास," अप्पा म्हणाले. त्यात राग होता, पण आवाज चढला नव्हता. खाली बसून त्यांनी पालकाच्या जागी अंगठा उठवला. खाली आणखी एक ओळ कोरी होती, मुलीसोबत येणाऱ्या जबाबदार व्यक्तीची. तिच्यावर बोट ठेवून त्यांनी अर्ज माझ्याकडे सरकवला. "तवा नुसतं तोंडानं बोललीस. आता लिहून दे. तिला सोडून यायची न्हाई. तिथनं ती निघंपर्यंत तिच्यामागं उभारायचं."

मी सही केली. मग मुख्याध्यापकांना फोन करून रजा मागितली. ते म्हणाले, स्नेहसंमेलन तोंडावर आलंय, कारण काय? पहिल्यांदाच मी त्यांना खरं कारण सांगितलं, आणि त्यावर त्यांचा विश्वास बसला नाही.

अर्ज घेऊन अंबिका स्कूटरवरून तालुक्याला जाऊन आली. संध्याकाळी ट्रंक उघडली. लाल फेटा होता, घड्यांवर विरलेला.

"अप्पा, बांगड्या बी भरते," रेणुका म्हणाली. "पळताना काढते. पर फेटा बांध."

अप्पांनी तिच्या आखूड केसांवर फेटा बांधला, चार वेळा सोडून पुन्हा बांधला, खांद्यावर स्वतःची घोंगडी टाकली. रेणुकानं बांगड्यांचा हात कमरेवर ठेवला. मी फोन काढला आणि क्षणभर थबकले. अप्पांच्या ते लक्षात आलं.

"काढ फोटू," ते म्हणाले. "आन् तू बी उभार तिच्यासंगट. अंबी काढंल."

फोटो झाल्यावर अंबिकानं गणवेश उचलला, अंगाला लावून बघितला, "आता मला हुयाचा न्हाई" म्हणून हसली, आणि ट्रंकेत फेट्याच्या रिकाम्या जागी घडी करून ठेवला.

दोन दिवसांनी रेणुकाला घेऊन मी निघाले. अंबिका फाट्यापर्यंत आली. मला मिठी वगैरे मारली नाही, फक्त म्हणाली, "संक्रांतीला आता तू फोन कर." कमलनगरहून निघालेल्या बसमध्ये कंडक्टर तोच. रेणुकाला तिकीट नाही, मला आहे. ती खिडकीशी बसली होती, मांडीवर फेट्याची पुरचुंडी. उदगीर जवळ येत होतं, तिथून लातूर, मग उत्तरेची गाडी. शिबिरात विचारतील. कायदे बदलले, शब्द सभ्य झाले, तरी पोरगी जोरात धावली की कुणीतरी विचारतंच, आणि तिला नाही, तिच्या शेजारणीला विचारतात. मला पुन्हा उतरून चालावंसं वाटत होतं. भीती वाटत होती, दुसरं काही नाही.

कंडक्टरनं मला तिकीट देताना रेणुकाच्या केसांकडे पाहिलं, मग बांगड्यांकडे, मग पुन्हा केसांकडे. "अक्का, ही कोण?"

"माझ्यासोबत आहे," मी म्हणाले.

तो मान हलवून पुढे गेला. चौदा वर्षांपूर्वी साहेबांच्या टेबलापुढे मी हीच दोन शब्दांची ओळ म्हणायला हवी होती. रेणुकानं खिडकी वर केली, आणि उदगीर येईपर्यंत मी जागेवरून उठले नाही.